गिरणीचे धुराडे : कौटुंबिक सहलीवरून एक पाठ

(परिसर अभ्यास : इयत्ता चौथी व पाचवी)

सुटीच्या दिवशी मुले आईवडिलांबरोबर जेथे जातात, तेथून पाठाची पुष्कळशी सामग्री ती आपल्याबरोबर घेऊन येतात. तिचा उपयोग करून घेणे शिक्षकाच्या हाती असते. विरारजवळील चंदनसारचे एखादे कुटुंब रविवारी मुंबईस जाते, दादरला गाडी बदलून लोअर परळला उतरते आणि फिनिक्स मिलच्या आवारात दिवस घालविते. दिव्यांची रोषणाई, मोठमोठी दुकाने, सरकते जिने यांचे वर्णन मूल सोमवारी वर्गात उत्साहाने करते. त्याच आवारात विटांचे एक उंच धुराडे उभे आहे. ते कशाचे, हे मात्र मुलास बहुधा सांगता येत नाही. प्रस्तुत पाठाचा आरंभ तेथूनच करावा.

उद्देश

१. जुन्या वास्तूचे अवशेष पाहून तिचा मूळ उपयोग ओळखण्याची सवय मुलांस लावणे.
२. कापड गिरणीचे काम व गिरणी कामगाराचे जीवन यांची ओळख करून देणे.
३. श्रमाविषयी आदर निर्माण करणे.

शिक्षकाची पूर्वतयारी

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली व १८५६ मध्ये ती गिरणी ताडदेव येथे चालू झाली. मुंबईस बंदर होते, रेल्वे होती आणि दमट हवाही होती. कोरड्या हवेत सुताचा धागा वारंवार तुटतो. दमट हवेत तो टिकतो. पुढे परळ, लालबाग, वरळी, भायखळा हा सारा टापू गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. कोकणातून व घाटावरून आलेली माणसे तेथील चाळींत राहिली. फिनिक्स मिल १९०५ सालची.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या काळात अनेक गिरण्या बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले होते : एक सार्वजनिक मोकळ्या जागेसाठी, एक घरांसाठी व एक मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. जुन्या गिरण्यांच्या जागी बाजार, कचेऱ्या व उंच इमारती उभ्या राहिल्या त्या याच काळात.

पाठाचा विकास

प्रथम सहलीस गेलेल्या मुलास बोलू द्यावे. नंतर विचारावे : "दुकानाला एवढे उंच धुराडे कशाला हवे?" उत्तरे फळ्यावर लिहावीत, चुकीची उत्तरेही पुसू नयेत.

मग मेणबत्तीचा प्रयोग करावा. कागदाची नागमोडी पट्टी कापून दोऱ्याने टांगावी व पेटत्या मेणबत्तीच्या बरीच वर धरावी. पट्टी फिरू लागते, कारण तापलेली हवा हलकी होऊन वर जाते. हा प्रयोग शिक्षकाने स्वतःच करावा. वाफेच्या काळात गिरणीत कोळसा जाळून पाण्याची वाफ करीत व त्या वाफेवर यंत्रे चालवीत. धुराड्यातून गरम धूर वर गेला की भट्टीकडे ताजी हवा ओढली जाई आणि कोळसा चांगला पेटे. धुराडे उंच बांधण्याचे हे कारण मुलांस आता स्वतः सांगता येईल.

यानंतर कापसापासून कापडापर्यंतचा क्रम घ्यावा : पिंजणे, सूत कातणे, कांड्या भरणे, मागावर विणणे. थोडा कापूस आणून प्रत्येक मुलाकडून बोटांनी पीळ देऊन धागा काढून घ्यावा. तो किती लवकर तुटतो, हे त्यास कळेल. मग तुटलेला धागा दिवसभर सांधीत यंत्राजवळ उभ्या राहणाऱ्या कामगाराचे कष्टही कळतील. गिरणीचा भोंगा, तीन पाळ्या, बदली कामगार हे शब्द या ठिकाणी समजावून द्यावेत.

शेवटी विचारावे : "सहल रविवारीच का निघाली?" नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना संघटित करून साप्ताहिक सुटीची मागणी केली व १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. ज्या सुटीत आजचे कुटुंब गिरणीच्या आवारात हिंडते, तीच सुटी मिळविण्यासाठी गिरणीतल्या माणसांना झगडावे लागले होते. हा या पाठाचा गाभा होय. येथे घाई करू नये.

दक्षता

गिरणगाव सोडून विरार-नालासोपाऱ्याकडे आलेली कुटुंबे या भागात आहेत. वर्गातील एखाद्या मुलाचे आजोबा संपात घरी बसलेले असतील. संप योग्य की अयोग्य, असा निवाडा वर्गात देऊ नये; घडले ते सांगावे. त्याचप्रमाणे कोणी काय खरेदी केले, कोणी काय खाल्ले, यावर बोलणे वाढू देऊ नये. ज्या घरास अशी सहल परवडत नाही, त्या घरच्या मुलाने मान खाली घालावी असा प्रसंग पाठात येता कामा नये. उलट ज्याच्या घरात जुना कामगार आहे, त्या मुलापाशी वर्गात सर्वांत मोलाची माहिती असते, हे शिक्षकाने बोलून दाखवावे.

गृहपाठ

१. घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसास त्याचे पहिले काम, कामाची वेळ व पहिला पगार विचारून पाच वाक्ये लिहा.
२. तुमच्या गावातील एखादी जुनी वास्तू किंवा बंद पडलेला कारखाना पाहून तेथे पूर्वी काय चालत असावे, ते खुणांसह लिहा.

मुलांनी आणलेली वाक्ये एका वहीत उतरून ती वही शाळेच्या संग्रही ठेवावी. गिरणीत राबलेली माणसे दिवसेंदिवस थकत चालली आहेत. त्यांच्या तोंडची हकीकत आज लिहून घेतली नाही, तर पुढील पिढीस केवळ धुराडे दिसेल.