बालकांच्या मेंदूतील अर्बुद व त्याचे टप्पे

पेशींची बेसुमार वाढ होऊन शरीरात जी गाठ बनते, तिला वैद्यकशास्त्रात अर्बुद म्हणतात. अर्बुद किती पसरले आहे यावरून रोगाचा टप्पा ठरवितात. शरीराच्या इतर भागांतील बहुतेक कर्करोगांत त्यासाठी गाठीचा आकार, लसीका-ग्रंथी व दूरचे अवयव पाहतात. मेंदूतील अर्बुद मात्र मज्जासंस्थेबाहेर क्वचितच जाते. म्हणून येथे वेगळी रीत लागते. एका उदाहरणावरून ती आपण समजून घेऊ.

मेड्युलोब्लास्टोमा हे लहान मेंदूत उद्भवणारे अर्बुद होय. बेली व कुशिंग यांनी १९२५ साली त्याचे वर्णन केले. मेंदू व मज्जारज्जू यांभोवती जो द्रव खेळत असतो, त्याबरोबर याच्या पेशी वाहत जातात. हाच प्रवास पाहून चँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली टप्पे मांडले. प्रसार नसल्यास शून्य. द्रवात पेशी आढळल्यास १. मेंदूच्या भोवती वा त्याच्या पोकळ्यांत गाठी दिसल्यास २. कण्यात दिसल्यास ३. आणि मज्जासंस्थेबाहेर प्रसार झाल्यास ४.

याकरिता मेंदूची व संपूर्ण कण्याची एमआरआय तपासणी करतात आणि कमरेतून सुईने द्रव काढून पाहतात. शस्त्रक्रियेत सुटलेल्या पेशींनी फसगत होऊ नये, म्हणून द्रव काढण्यापूर्वी सुमारे दोन आठवडे थांबतात.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? शस्त्रक्रियेनंतर मेंदू व कणा यांवर किरणोपचार करतात. प्रसार नसून गाठही जवळजवळ पूर्ण निघाली असेल, तर साधारणतः २३.४ ग्रे मात्रा देतात. प्रसार असल्यास ३६ ग्रे. मात्रा कमी पडली तर रोग उलटतो. अधिक झाली तर वाढत्या बालकाची बुद्धी व उंची यांना बाध येतो. तीन वर्षांखालील बालकांत तर हे किरण शक्यतो टाळतात. पेशींची जनुकीय घडणही आता तपासतात. २०१६ च्या जागतिक वर्गीकरणात तिला स्थान मिळाले.

टप्पा आणि श्रेणी यांत आपण गल्लत करू नये. श्रेणी पेशींची उग्रता सांगते, टप्पा प्रसार सांगतो. मेड्युलोब्लास्टोमाची श्रेणी चौथी, म्हणजे सर्वांत उग्र. तरीही प्रसार झालेला नसल्यास योग्य उपचारांनी बहुसंख्य मुले बरी होतात.

सकाळी वारंवार डोके दुखणे, उलटी होणे, चालताना तोल जाणे ही लक्षणे पुनःपुन्हा दिसली, तर मूल शाळा चुकविण्यासाठी निमित्त सांगते असे आपण मानू नये. वेळीच डॉक्टरांकडे न्यावे. टप्पा हा अंतिम निकाल नव्हे. तो उपचाराची वाट दाखविणारा दीप होय.