दुसऱ्याची विष्ठा, माझ्या मुलाला औषध?

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा. वर्षात चारदा जुलाब झाले, दरवेळी अँटिबायोटिक दिलं. निरोगी माणसाच्या विष्ठेतले चांगले जंतू आतड्यात सोडतात म्हणे. त्याला चालेल का?
– एक आई, अनसिंग (जि. वाशीम)

उत्तर : ताई, ऐकलंत ते खरं आहे, पण हा उपाय मुख्यतः एकाच आजारावरचा आहे. अँटिबायोटिकने आतड्यातले उपकारक जंतू मेले, की राखण नसलेल्या वावरात गुरं शिरावीत तसा ‘क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल’ हा जंतू माजतो. औषधांनंतरही तो पुन्हापुन्हा उलटला, तरच तपासलेल्या दात्याची विष्ठा सलाइनमध्ये कालवून, गाळून, बहुधा दुर्बिणीच्या नळीने मोठ्या आतड्यात सोडतात. ३३५ मुला-तरुणांच्या एका पाहणीत ८१ टक्क्यांना एकदाच दिल्यावर गुण आला.

घरी मात्र हा प्रयोग नकोच. २०१९मध्ये अमेरिकेत डॉक्टरांनी दिलेल्या अशा विष्ठेतूनही औषधांना न जुमानणारा ई. कोलाय हा जंतू रुग्णांत गेला आणि एक रुग्ण दगावला.

तुमच्या मुलाचं म्हणाल, तर आपल्याकडे मुलांचे जुलाब बहुधा दूषित पाण्यातून आणि हातांतून येतात. विषाणूचे असतील तर अँटिबायोटिक लागतच नाही. जुलाब लागले की ओआरएस पाजा, डॉक्टरांना विचारून झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, १४ दिवस द्या. पाणी उकळूनच प्यायला द्या. शौचात रक्त दिसलं किंवा वजन घटलं, तर शौचाची तपासणी करून बालरोगतज्ज्ञांना दाखवा.