मंकी पझलच्या बिया

प्रश्न : उटीच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये गाइडने ‘मंकी पझल’ नावाचं उंच झाड दाखवलं. त्याच्या बिया खातात, असंही तो म्हणाला. झाडाखाली मात्र एकही बी दिसली नाही. हे खरं का? आमच्या बांधावर ते येईल का?
— एक वाचक, पेडगाव (जि. परभणी)

उत्तर : गाइडचं म्हणणं खरं आहे. मंकी पझल म्हणजे अरौकेरिया अरौकाना, चिली-अर्जेंटिनातल्या अँडीज डोंगरांतला सदाहरित सूचिपर्णी वृक्ष. त्याची बी बोटाच्या दोन पेरांएवढी असते. किराणा दुकानातला चिलगोजा तेलकट असतो. ही बी पिठूळ, उकडलेली आठळी आठवावी अशी. तिथले पेहुएंचे लोक ती भाजतात, उकडतात, दळून पीठही करतात. त्यांच्या भाषेत पेहुएन म्हणजे हे झाड आणि चे म्हणजे माणसं. झाडावरून जमातीचं नाव पडावं, इतका या बियांचा त्यांना आधार!

बागांमध्येही हे झाड पोचलं ते जेवणाच्या ताटातून. चिलीच्या गव्हर्नरच्या पंगतीत आर्चिबाल्ड मेंझीस या वनस्पतिशास्त्रज्ञाला या बिया वाढल्या, त्यातल्या काही त्यांनी खिशात टाकल्या आणि जहाजावरच रुजवल्या, असं सांगतात. १७९५मध्ये त्यांची रोपं इंग्लंडला पोचली. नाव त्यानंतरचं : अणकुचीदार पानांनी भरलेल्या या झाडावर चढायचं म्हणजे माकडालाही कोडंच, असं कोणीतरी म्हणालं आणि तेच रूढ झालं.

बिया न दिसण्याचं कारण साधं असू शकतं. यात बहुधा नर झाड वेगळं, मादी वेगळं. शेजारी जोडीदार नसेल तर बी धरत नाही. शिवाय बी यायला तीस-चाळीस वर्षं लागतात. याचा ऑस्ट्रेलियातला भाऊबंद बुनिया पाइन. त्याच्याही बिया खातात. पण त्याचा फळासारखा शंकू दहा किलोपर्यंत भरतो, म्हणून पिकण्याच्या दिवसांत त्याखाली उभं राहू नये.

पेडगावच्या बांधावर मंकी पझल लावू नका. त्याला थंड, ओलसर हवा आणि निचऱ्याची जमीन लागते. परभणीचा मे महिना आणि काळी चिकण माती त्याला सोसायची नाही. खाण्याच्या बीचं झाड हवंच असेल तर बिबा लावा. डिंकाच्या लाडवात पडते ती गोडंबी त्याचीच. फक्त बिबा फोडताना चीक अंगावर उततो. ते काम जाणत्याकडून करून घ्या आणि मुलांना लांब ठेवा.