प्रती नक्की किती छापल्या?

प्रकाशकाची कौतुकाची दोन वाक्यं झाली आणि तिसऱ्यात 'लेखकाचा सहभाग' आला. एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या पहिल्या कथासंग्रहाची ही सुरुवात. बाईंनी ग्रॅच्युइटीतून पैसे भरले. प्रकाशन समारंभाच्या हॉलचं भाडं नि चहापाणीही त्यांच्याच माथी. घरी एक गठ्ठा पोचला. उरलेल्या प्रती 'वितरणाला' गेल्या, पण कुठे, हे शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं: "मॅडम, हल्ली वाचतंय कोण?"

पदरमोड करून पुस्तक काढण्यात कमीपणा मुळीच नाही. मार्सेल प्रूस्तच्या महाकादंबरीचा पहिला भाग १९१३ साली त्याच्याच खर्चाने निघाला. हेन्री डेव्हिड थोरोचं पहिलं पुस्तक १८४९चं. प्रती १०००, आणि छपाईचा भार शेवटी लेखकावर. १८५३मध्ये न खपलेल्या ७०६ प्रती प्रकाशकाने त्याच्याकडे परत धाडल्या. त्याने त्या पाठीवरून माळ्यावर चढवल्या आणि रोजनिशीत स्वतःचीच थट्टा केली: संग्रही जवळपास नऊशे पुस्तकं, पैकी सातशेवर स्वलिखित! थोरो बुडाला खरा, पण कितीने बुडाला हे त्याला ठाऊक होतं. बाईंना तेही नाही.

म्हणून घासाघीस करायची ती आधी आकड्यावर. डिजिटल छपाईत शंभर प्रतीही सहज निघतात, तेव्हा 'हजाराची आवृत्ती' हे शब्द तोंडी असून भागत नाही. प्रतींची संख्या, कागदाचा जीएसएम, गठ्ठे कुठे राहणार, विक्रीचा हिशेब कधी मिळणार, हे करारात हवं. मुद्रकाच्या बिलाची प्रतही. डीटीपीची आणि मुखपृष्ठाची फाइल लेखकाच्या ताब्यात असावी, नाहीतर दुसऱ्या आवृत्तीला पुन्हा पहिल्यापासून खर्च.

आयएसबीएनचे पैसे कुणी लावले तर सावध व्हावं. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून तो क्रमांक फुकट मिळतो, लेखकालाही.

हक्कांचं कलम बाईंनी वाचलंच नव्हतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी करारानेच दुसऱ्याकडे जातात, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. 'कायमस्वरूपी' लिहून सही केली, की ही सवलत गेली. छपाईचा सगळा खर्च लेखकाचा असताना हक्क प्रकाशकाला कायमचे कशाला?

पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानाची चौकशी आधी करावी. तिथे हस्तलिखित तपासलं जातं, निवडीला वेळ लागतो. ग्रॅच्युइटी मात्र बँकेतच राहते.