सहीआधी प्रत्येक ओळ वाच

गाडीचं कोटेशन हातात पडलं की खालचा ऑन-रोड आकडा आधी बघू नकोस, वरून एकेक ओळ वाच. एक्स-शोरूम किंमत, रोड टॅक्स, विमा, फास्टॅग या ओळी खऱ्या. गाडी १० लाखांच्या वर गेली तर १ टक्का टीसीएसही खरा. तो तुझ्या पॅनवर जमा होतो, रिटर्न भरताना हिशेबात धरता येतो. त्यावर घासाघीस करण्यात वेळ घालवू नकोस.

'हँडलिंग चार्जेस' दिसले की मात्र थांब. गोदामातून गाडी आणायचा खर्च, असं सांगतील. अगं, विकायचा माल दुकानात आणणं हे दुकानदाराचंच काम, त्याचे वेगळे पैसे आपण का द्यायचे? नंबर प्लेटचंही तसंच. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीकडूनच येते आणि तिची किंमत गाडीच्या किमतीत धरलेली असते. 'आरटीओ खर्च' असा गोल आकडा असेल तर फोड मागून घे. मोटारीच्या रजिस्ट्रेशनची सरकारी फी ६०० रुपये, कर्जाचा बोजा चढवायचा असेल तर आणखी १५००, बाकी स्मार्ट कार्डासारखं किरकोळ. मोठी रक्कम असते ती रोड टॅक्सची, आणि तिची सरकारी पावती मिळते.

खरा पैसा विम्यात मुरतो. तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा कायद्यानेच घ्यावा लागतो, पण तो कुणाकडून घ्यायचा हे तू ठरवायचंस. शोरूममध्ये जाण्याआधी दोन कंपन्यांकडून भाव काढून ठेव. आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) तीच, झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) तेच, तरच तुलना खरी. "बाहेरून घेतलात तर कॅशलेस मिळणार नाही," असं सांगून घाबरवतील. कॅशलेस मिळतं ते विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार असला तर, पॉलिसी कुठून घेतली यावर नाही. बाहेरचा कागद टेबलावर ठेवलास की बऱ्याचदा तिथलाच भाव खाली येतो. मग तिथून घ्यायलाही हरकत नाही.

मॅट, मडफ्लॅप, कव्हर, परफ्यूम यांचं 'एसेन्शियल किट' घेतलंच पाहिजे असं काही नाही. टेफ्लॉन कोटिंगही नको म्हण. एक्स्टेंडेड वॉरंटीचा विचार जरूर कर, पण घरी बसून.

समोरच्या पोरावर आवाज चढवू नकोस. त्याच्या हातात फारसं नसतं, मॅनेजरला बोलवायला सांग. काय वगळलं ते कोटेशनवर लिहून, सही-शिक्का घेऊन मगच बुकिंगचे पैसे भर. हे सगळं दसरा-पाडव्याच्या बरंच आधी उरकायचं. मुहूर्ताच्या दिवशी गाडीला हार घातलेला असतो, आई ओवाळायला उभी असते, आणि तेव्हा काउंटरवरून "एवढं राहिलंय" म्हणून चिठ्ठी आली तर कुणीही निमूट पैसे देतं. महिनाअखेर आणि डिसेंबर हे भाव करायला बरे, तेव्हा त्यांना टार्गेट गाठायचं असतं.

गाडी घरी आल्यावर टॅक्सची पावती मागून घे आणि कोटेशनशी ताडून बघ. जास्त घेतलेले असतील तर ईमेलवर परत माग. आठ-पंधरा दिवसांत दाद लागली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदव. कोटेशन, बिल आणि पावत्या एकाच फाइलला लावून ठेव, तिथे ती लागतील.