नोकरीसाठी स्वपरिचयपत्र
बंगळूरच्या पूर्वेकडील महादेवपुरा परिसरात, व्हाइटफील्ड येथे, १९९० च्या दशकात आंतरराष्ट्रीय तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले आणि भोवती संगणक कंपन्या वाढल्या. महाराष्ट्रातील तरुणही तेथे प्रोग्रामरच्या जागेसाठी अर्ज करतात. अर्ज अनेक असल्याने निवड करणारा प्रथम धावती नजरच टाकतो. म्हणून नवोदिताचे स्वपरिचयपत्र एका पानात मावावे.

‘जावा येते’ असे कोणीही लिहील. ‘किराणा दुकानाची उधारी नोंदवून थकबाकीची यादी काढणारा प्रोग्राम जावामध्ये लिहिला’ या वाक्यात काम दिसते. असा प्रोग्राम गिटहबवर ठेवून त्याचा पत्ता द्यावा. मुलाखतीत त्याच्या ओळी न् ओळीवर प्रश्न येऊ शकतात. उसना प्रोग्राम तेथे उघडा पडतो. वडिलांचे नाव, धर्म, जात ही जुन्या बायोडाटातील भरताड येथे नको.

मुक्त विद्यालयातून शिकलेले काही अर्जदार शिक्षणातील खंड लपवतात. ते अनाठायी आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र इतर मंडळांच्या समकक्ष असते. उलट, अनेक कंपन्या नेमणुकीपूर्वी शिक्षणाची व पूर्वीच्या नोकरीची पडताळणी करतात. खोटे वर्ष तेव्हा सापडते. मधली वर्षे गॅरेजमध्ये गेली असतील, तर ‘गॅरेजमध्ये मदतनीस’ असे वर्षांसह लिहावे.