कंपायलर गप्प बसला तेव्हा

महिनाअखेरचा दिवस. दुपारी वसुली विभागातून फोन आला, "मॅडम, या महिन्यात कुणाचीच थकबाकी नाही का?" मी एक्सेलची फाइल उघडली. वर शीर्षक, तारीख, सगळं जागच्या जागी. खाली एकही ओळ नाही. वेबपेजवर मात्र तीच यादी भरलेली दिसत होती. एरर कुठेच नव्हता.

चूक माझी होती आणि ती एका ओळीत होती. एएसपी डॉट नेटमधला जुना प्रकल्प, भाषा सी शार्प. एक्सेल तयार करणारी मेथड सगळ्या पानांना मिळून एकच, आणि तिला हवी असायची लिस्ट<ऑब्जेक्ट>. माझ्याकडे होती लिस्ट<थकबाकी>. थेट दिली की कंपायलर अडवायचा. तीच यादी सेशनमध्येही ठेवलेली होती. सेशनमधून प्रत्येक गोष्ट ऑब्जेक्ट म्हणूनच बाहेर येते, तिचा खरा टाइप कंपायलरला दिसत नाही. म्हणून मी ती तिथून 'ॲज लिस्ट<ऑब्जेक्ट>' लिहून उचलली. कंपायलर गप्प बसला आणि मला वाटलं, सुटलं. पण 'ॲज'ला जमलं नाही तर तो तक्रार करत नाही, नल देतो. आणि नल आला तर पान कोसळू नये म्हणून मीच पुढे दोन प्रश्नचिन्हं टाकून नवी रिकामी यादी देऊन ठेवली होती. कंसातला साधा कास्ट केला असता, तर पहिल्याच क्लिकला इनव्हॅलिड कास्ट एक्सेप्शन आलं असतं.

प्रत्येक थकबाकी ही ऑब्जेक्ट असतेच, मग थकबाकींची यादी ऑब्जेक्टची यादी का नाही, हा प्रश्न मला तेव्हा छळायचा. उत्तर स्वयंपाकघरात आहे. तूरडाळीच्या डब्यावरची चिठ्ठी काढून 'किराणा' अशी लावली, तर उद्या कुणीतरी त्यात रवा ओतणार. आणि ज्याला तो डाळीचाच डबा म्हणून ठाऊक आहे, तो डोळे झाकून कुकर लावणार. लिस्टमध्ये ॲड करता येतं, म्हणून कंपायलर चिठ्ठी बदलू देत नाही. ॲरेला ही मोकळीक पहिल्यापासून आहे. स्ट्रिंगचा ॲरे ऑब्जेक्टचा ॲरे म्हणून चालतो, पण त्यात आकडा टाकायला गेलात की प्रोग्राम चालू असताना एक्सेप्शन येतं.

मग मी 'कास्ट<ऑब्जेक्ट>' आणि त्यापुढे 'टूलिस्ट' लावलं. अहवाल भरला, पण आठवड्याभरात दुसरा फोन. खूण करून काढून टाकलेल्या ओळी पुन्हा पुन्हा परत येत होत्या. टूलिस्ट नवी यादी बनवतं. मी ओळी त्या नव्या यादीतून काढत होते, सेशनमधली मूळ यादी होती तशीच. त्यात फसवं असं की एखाद्या ओळीतली रक्कम बदलली, तर ती मात्र दोन्हीकडे बदललेली दिसायची, कारण याद्या दोन असल्या तरी आतल्या वस्तू त्याच. हे समजायला मला अख्खी संध्याकाळ लागली.

यादी थेट देताना तुम्हालाही कंपायलरने असं अडवलं, तर कास्ट शोधण्याआधी त्या मेथडला विचारा, तुला यादीचं करायचं काय आहे? नुसती वाचायची असेल, तर तिला लिस्ट<ऑब्जेक्ट> नको, आयइन्यूमरेबल<ऑब्जेक्ट> घेऊ दे. 2010 साली आलेल्या सी शार्प 4 पासून लिस्ट<थकबाकी> तिथे जशीच्या तशी चालते, कॉपीही होत नाही. फक्त इंट, डेसिमल, डेटटाइम यांसारख्या व्हॅल्यू टाइपच्या याद्यांना ही सवलत नाही. तिथे कास्ट<ऑब्जेक्ट> लागतं, प्रत्येक आकडा बॉक्समध्ये जातो, आणि इंट म्हणून आत गेलेला आकडा थेट लाँग म्हणून बाहेर काढायला गेलात तर पुन्हा इनव्हॅलिड कास्ट. मेथड तुमच्याच हातातली असेल, तर ती सरळ जेनेरिक करा. जो टाइप येईल तोच आतपर्यंत जाईल. माझ्या एक्सेलच्या मेथडला हेच हवं होतं. बदलायला तासही लागला नाही.

ती दोन प्रश्नचिन्हं मी काढून टाकली आहेत. यादी नल आली तर आता पान कोसळतं. त्या वेळी तसं झालं असतं, तर फोन वसुलीकडून नाही, टेस्टिंगकडून आला असता.